भूमितीत नऊ

जालिंदर रणदिवेला माणसं फारशी आवडत नसत. एकोणीस वर्षं शाळेत शिपायाची नोकरी केल्यावर कुणाला आवडतील, असं त्याचंच म्हणणं होतं. इस्लामपूरपासून नऊ किलोमीटरवर, चारी बाजूंनी उसाच्या फडांनी वेढलेल्या त्या हायस्कुलात तो सकाळी घंटा द्यायचा आणि मग व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून दिवसभर एकेकाची मापं काढायचा. हेडमास्तर जोतीराम घोरपडे एक सही करायच्या आधी तीनदा पेनाचं टोपण काढतात आणि तीनदा लावतात. इतिहासाचे मास्तर तोरणा घेता घेता खुर्चीत पेंगतात, पोरं बिचारी गडाच्या पायथ्याशीच बसून राहतात. संस्थेचे अध्यक्ष पृथ्वीराजदादा दर सव्वीस जानेवारीला तेच भाषण करतात, फक्त साल बदलतात. एका वर्षी तेही बदलायचं विसरले होते.

पण या सगळ्यांत जालिंदरच्या नाकाला खरी मुरड पडायची ती गणिताच्या नानासो मोहिते सरांचं नाव निघालं की. सफारी, खिशात दोन पेनं आणि चालताना मान अशी, की शून्याचा शोध यांच्याच घरात लागला असावा. सर वर्गात जेमतेम शिकवायचे. खरं शिकवणं सकाळी घरच्या क्लासला. तिथं ते पोरांना सायक्लोस्टाइल केलेली चार पानं द्यायचे. वर शीर्षक : 'हमखास पंचेचाळीस'. पंचेचाळीस गणितं उत्तरासकट पाठ करायची, पेपरात त्यातलीच येतात, आकडे तेवढे बदललेले. पोरं व्हरांड्यातून येरझाऱ्या घालत गणितं घोकायची, आरत्या म्हटल्यासारखी. जालिंदर स्टुलावरून बघायचा आणि पुटपुटायचा, "गनित हाय का हनमानचालिसा?"

त्र्याण्णव सालच्या श्रावणात एका दुपारी शाळा सुटल्यावर तो दहावी ब चा फळा पुसायला गेला. फळ्यावर सरांचं गणित होतं. आयताची लांबी रुंदीपेक्षा तीन मीटरनं जास्त, क्षेत्रफळ एकशे ऐंशी चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. खाली भरपूर क्ष, भरपूर कंस, आणि शेवटी चौकटीत उत्तर : रुंदी पंधरा, लांबी अठरा.

डस्टर उचलला तो हवेतच राहिला. जालिंदरनं शाळेच्या हॉलमध्ये शेकडो वेळा सतरंज्या अंथरल्या होत्या. लांबी-रुंदी त्याला पुस्तकातून नव्हे, गुडघ्यांतून कळायची. पंधरा आणि अठरा म्हणजे दोनशे सत्तर. एकशे ऐंशीच्या हॉलात दोनशे सत्तरची सतरंजी कशी बसणार? बारा आणि पंधरा पाहिजे. त्याला क्ष कळत नव्हता, पण एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा देताना तो बोलून गेला, "सर, कालच्या गनितात काय तरी चुकलंय जनू. पंधरानं अठराला गुणलं तर दोनशे सत्तर येत्यात."

मोहिते सरांनी कपातून डोकं वर काढलं नाही. "जालिंदर, तू फळा पुसायचा. वाचायचा नाही."

स्टाफरूममध्ये हशा झाला. कुणी तरी म्हणालं, "मॅट्रिक नापासाला विचारून शिकवायचं आता." जालिंदरनं कप गोळा केले आणि तो बाहेर आला. आटपाडीकडच्या गावात, एकाहत्तर साली, तो जुन्या अकरावीत गणितात गेला होता, हे खरंच होतं. ते लपवावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण ज्या माणसाला दोनशे सत्तर आणि एकशे ऐंशी यांतला फरक दिसत नाही त्यानं आपल्याला नापास म्हणावं, हे त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

त्याच दिवाळीत हेड क्लार्क केरबा माने यांनी सांगितलं की आपण दोन वर्षांत रिटायर होणार, ज्युनिअर वर सरकणार आणि खालची कारकुनाची जागा रिकामी होणार. "तू एवढी वर्षं काढलीस. पैला हक्क तुजाच," ते म्हणाले. "फकस्त दहावी पास पायजे."

जालिंदर हेडमास्तरांकडून बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आला. मोहिते सर तिथंच होते. "तुला कशाला एवढा अभ्यास? तुमच्या लोकांना सवलत असतेच की," ते म्हणाले.

"पस्तीस टक्के सगळ्यास्नी पस्तीसच हायत, सर," जालिंदर म्हणाला. "बोर्डानं रणदिव्यासाठी येगळी मोजपट्टी काढलेली न्हाई. काडली असती तरी म्या घेतली नसती."

घरी बायकोनं, रंगूबाईनं, फॉर्म उलटासुलटा करून बघितला. ती गावच्या बालवाडीत मदतनीस होती आणि बोलण्यात नवऱ्याला हार जाणारी नव्हती. "घंटा वाजवून वाजवून डोस्क्यात शिरली म्हनायची," ती म्हणाली. "पोरगी सासरी गेली, आता बाप साळंला चालला." पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा बाजार, दळण, पाणी तिनं स्वतःकडे घेतलं.

अभ्यासाला जालिंदरला जागा हवी होती, ती त्याच्याकडे होती. किल्ल्या त्याच्याच कमरेला. शाळा सुटली, झाडलोट झाली, की तो दहावी ब उघडायचा आणि उजेड असेपर्यंत फळ्यावर गणितं सोडवायचा. मोडके खडू त्यानं वर्षभर एका डब्यात साठवले होते. पुस्तक एका पास झालेल्या पोराचं, कोरं करकरीत. त्या पोरानं पंचेचाळीस पाठ केल्यामुळं पुस्तक उघडायची वेळच आली नव्हती. जालिंदरनं पहिला उदाहरणसंग्रह घेतला आणि क्रमानं निघाला. एकही गणित सोडायचं नाही. अडलं की मागचं पुन्हा. क्ष म्हणजे काय हे त्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं, आणि कळलं तेव्हा तो फळ्याकडे बघून तुच्छतेनं हसला. "एवढंच व्हय? ज्येचं नाव म्हाईत न्हाई त्येला हाक मारायची सोय. त्येच्यासाटी मला यीस वर्सं भ्या घातलंत?"

पुस्तकही त्याच्या तोंडातून सुटलं नाही. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळात? जालिंदर फळ्याला म्हणायचा, "आधी आमच्या आटपाडीला हौद बांदा. मग नळ आना. मग नळाला पानी आना. मग म्या तास सांगतो." पण तासही सांगायचा. दोन तास चोवीस मिनिटं. खाली रेघ मारायचा, पडताळा घ्यायचा. पडताळा घेतल्याशिवाय त्यानं एकही उत्तर पुसलं नाही.

बीजगणित असं चाललं. भूमितीला मात्र त्यानं पहिल्या दिवशीच वाऱ्यावर सोडलं. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, हे सिद्ध करा. जालिंदरनं आकृती काढली आणि लांब उभा राहून बघितली. समान होते. "आंधळ्याला बी दिसंल. ह्यात सिद्ध काय करायचं? रिकामटेकड्यांचा उद्योग सगळा." वर्तुळं, जीवा, स्पर्शिका, सगळ्यांना त्यानं त्याच मापात मोजलं. बीजगणितात पुरेसे पडतील, भूमितीत आकृत्या काढून येऊ, असा त्याचा हिशेब.

चौऱ्याण्णवच्या मार्चात त्यानं परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला. मराठी, हिंदी, इंग्रजी, शास्त्र, सामाजिक शास्त्रं, सगळ्यांत तो निघाला. गणितात दीडशेपैकी त्रेपन्न हवे होते. बीजगणितात एकोणचाळीस मिळाले आणि भूमितीत नऊ.

गुणपत्रिका ऑफिसात आली तेव्हा ती जालिंदरच्या आधी मोहिते सरांच्या हातात पडली. जालिंदर चहाची किटली घेऊन स्टाफरूमच्या दारात पोचला तर आत सर मोठ्यानं वाचत होते. "भूमितीत नऊ! अरे, नुसती आकृतीला नावं दिली तरी दहा मिळतात. आणि हे आमच्या चुका काढणार!"

हशा पुन्हा झाला. जालिंदर आत आला, सगळ्यांचे कप भरले, मोहिते सरांचाही भरला, बशीत एक थेंब सांडू दिला नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कुणाबद्दल वाईटसाईट बोलायला सुचलं नाही. नऊ हा आकडा त्याचा स्वतःचा होता. तो कुणी दिला नव्हता.

हसण्यात सामील नव्हती ती एकटी संयोगिता साळुंखे. साताऱ्याची, नुकतीच लागलेली शास्त्राची बाई. त्या संध्याकाळी ती वही विसरली म्हणून परत आली, तर दहावी ब मध्ये जालिंदर फळ्यावर काढलेल्या त्रिकोणासमोर हाताची घडी घालून उभा.

"जालिंदरमामा, पेपरात सिद्धता कशी लिहिली होतीत?" तिनं विचारलं.

"कशी म्हंजे? आकृती काढली. खाली लिवलं, आकृतीत दिसत आहे."

"सगळीकडे तेच?"

"सगळीकडं दिसतच हुतं की, बाई."

बाई हसली नाही. तिनं खडू घेतला आणि दुसरा त्रिकोण काढला. "हे दोन कोन सारखे दिसतात?"

"व्हय."

तिनं कंपासपेटीतला कोनमापक लावला. एक अठ्ठावन्न, दुसरा बासष्ट. "दिसतंय म्हणून चालत नाही, मामा. प्रत्येक ओळीपुढं कारण लिहायचं. ते नसेल तर ती ओळ खोटी, खरी असली तरी."

ती वही घेऊन निघून गेली. जालिंदर खाली बाकावर बसला. त्याला शहाऐंशी सालची गोष्ट आठवली. प्रयोगशाळेतली वजनपेटी नाहीशी झाली होती. किल्ल्या जालिंदरच्या कमरेला, तो रणदिवे, राहायला गावाच्या पलीकडच्या वस्तीत; चोर कोण हे सगळ्यांना दिसतच होतं. कुणी ओरडलंसुद्धा नव्हतं, इतकं ते उघड होतं. तेव्हाचे म्हातारे हेडमास्तर एकटे अडून बसले. कुणी बघितलं? कधी? कशावरून? पेटी शेवटची कुणाच्या सहीनं बाहेर निघाली? एकेक उत्तर त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी निघालं की शास्त्राच्या मास्तरांनी ती दुरुस्तीला सांगलीला दिली होती आणि सांगायचं विसरले होते. जालिंदरची नोकरी त्या कागदावर राहिली होती.

आणि हाच जालिंदर बोर्डाला लिहून आला होता, आकृतीत दिसत आहे.

"गाढवा," तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर जून ते सप्टेंबर त्यानं भूमितीशिवाय काही केलं नाही. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं विधान, उजवीकडं कारण. बाई आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायची. ती शिकवायची नाही, फक्त उजवीकडच्या बाजूवर बोट ठेवून विचारायची, "हे कशावरून?" जालिंदर कधी चिडायचा. "बाई, तुमी सासू व्हनार कुनाची तरी, लय कडक." पण लिहायचा. मोहिते सर खिडकीतून जाता जाता एकदा म्हणाले, "बाई, पालथ्या घड्यावर पाणी घालताय." बाईच्या कपाळाला आठी पडली, पण तिनं फळ्यावरचं बोट काढलं नाही. मोहिते सर तिच्याहून बारा वर्षं सीनिअर होते.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्र इस्लामपुरात होतं. जालिंदर धुतलेला पांढरा सदरा घालून वर्गात शिरला तर पर्यवेक्षक म्हणाले, "पाण्याचा माठ तिकडं कोपऱ्यात ठेवा."

"म्या उमेदवार हाय," जालिंदर म्हणाला आणि आपल्या नंबरच्या बाकावर बसला. बाक बुटका होता, गुडघे वर आले. पोरांत खसखस पिकली. त्यांतली निम्मी त्याच्याच शाळेतली, मोहिते सरांच्या क्लासची, मार्चात गेलेली.

पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला आणि खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस लागला. बाहेर कुणाचे भाऊ, कुणाचे मामा भिंतीला पाय लावून चढले होते. पर्यवेक्षक दाराकडं तोंड करून उभे राहिले आणि बाहेरच्या लिंबाच्या झाडाचा अभ्यास करू लागले. मागच्या बाकावरच्या पोरानं जालिंदरच्या पाठीला पेन टोचलं. "मामा, घ्या की. क्लासातनं सोडवून आल्यात."

चिठ्ठी बाकावर पडली होती. जालिंदरनं हात लावला नाही, पण अक्षरं दिसत होती. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार दोनशे चोवीस, तर त्या संख्या कोणत्या? उत्तर : सोळा आणि अठरा. त्यानं मनातल्या मनात गुणलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी. अधिक-उण्याची तीच उलटापालट, गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या आयतासारखी. माणसानं पंधरा महिन्यांत एक चूकसुद्धा नवीन शिकू नये, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं नखानं चिठ्ठी खाली ढकलली, आपल्या उत्तरपत्रिकेवर चौदा आणि सोळा लिहिलं, खाली पडताळा लिहिला. आजूबाजूला डझनभर पेनं सोळा आणि अठरा उतरवत होती, एका तालात. जालिंदरला त्या पोरांची कीव आली नाही. गुणाकार त्यांनाही येत होता. करावा असं एकालाही वाटलं नाही.

भूमितीच्या पेपरात वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे सिद्ध करायला आलं. जालिंदरनं पट्टीनं उभी रेघ मारली. त्रिज्या समान, कारण एकाच वर्तुळाच्या. कोन काटकोन, कारण पक्षात दिलेले. बाजू सामाईक. कर्ण-भुजा कसोटी. सहा ओळी, सहा कारणं. दिसत आहे हा शब्द त्यानं संपूर्ण पेपरात कुठंही लिहिला नाही.

डिसेंबरात निकाल आला. बीजगणित चव्वेचाळीस, भूमिती तेहतीस. दीडशेपैकी सत्त्याहत्तर. क्लासच्या अकरा पोरांपैकी आठ पुन्हा गेली.

रंगूबाईनं गुणपत्रिका हातात घेऊन विचारलं, "आता तरी तोंड जरा गोड व्हईल का?"

झालं नाही. स्नेहसंमेलनात संस्थेनं जालिंदरचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि पृथ्वीराजदादांचं भाषण. दादा म्हणाले, चाळिशीच्या शिपायानं दहावी व्हावं ही संस्थेला अभिमानाची गोष्ट आहे, आणि याचं श्रेय आमच्या मोहिते सरांच्या अचूक मार्गदर्शनाला जातं. मोहिते सर पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि चहूकडं वळून नमस्कार केला. टाळ्या पडल्या.

जालिंदरला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकसमोर गेला. "दादांचं भाषान चांगलं झालं," तो म्हणाला. "पर एक दुरुस्ती हाय. मोहिते सरांचं मार्गदर्शन म्या रोज संध्याकाळी फळ्यावरनं पुसत हुतो. त्यामुळंच पास झालो. मला शिकवलं ते संयोगिता बाईंनी. सरांच्या क्लासातली अकरापैकी आठ पोरं गेली, त्येंचा सत्कार कवा हाय?"

मांडवात मागच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. जालिंदर शाल खांद्यावर टाकून खाली उतरला. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी बाई त्याला व्हरांड्यात भेटली. चेहरा उतरलेला. "मामा, माझं नाव घ्यायला नको होतं."

"खरं तेच बोललो की, बाई."

"खरं होतं. पण तुम्ही बोलून स्टुलावर बसलात. मला त्या खोलीत त्यांच्या शेजारी बसायचंय."

पुढं जालिंदरनं ते आपल्या डोळ्यांनी बघितलं. बाईच्या वेळापत्रकात रोज शेवटचा तास आला. प्रयोगशाळेच्या सामानाची तिची मागणी दोनदा परत आली. तिच्या कपात चहा ओतताना स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. मोहिते सर जालिंदरला काही बोलत नसत; त्यांनी रस्ता शोधला होता. जूनमध्ये बाईला साताऱ्याच्या एका शाळेत जागा मिळाली आणि ती गेली. तिची ट्रंक जालिंदरनंच एस्टीच्या टपावर चढवली.

"आता बारावी द्या," खिडकीतून ती म्हणाली.

"बारावीत काय एवढं ठेवलंय?" तो म्हणाला. बाई हसली आणि गाडी सुटली. जे बोलायचं म्हणून तो शाळेतून स्टँडपर्यंत ट्रंक घेऊन चालत आला होता, ते राहून गेलं.

कारकुनाच्या जागेलाही त्या भाषणाची झळ लागली. आधी कुणी न काढलेलं टायपिंगचं सर्टिफिकेट अचानक आवश्यक ठरलं. दादांच्या नात्यातला शिरवळचा एक मुलगा टायपिंग झालेला आहे, असंही कानावर आलं. जालिंदर इस्लामपूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या ओळीत बसला आणि सहा महिने एका बोटानं, मग चार बोटांनी, मग दहा बोटांनी ठोकत राहिला. सर्टिफिकेट घेऊन तो आधी हेडमास्तरांकडं गेला नाही. सांगलीला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला, सेवाज्येष्ठतेचा अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला आणि ती पोच हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. घोरपड्यांनी टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "एवढं थेट जायची काय गरज होती, जालिंदर?" ते म्हणाले. पण सही केली.

शहाण्णवच्या जूनमध्ये तो खुर्चीवर बसला. काल जाल्या म्हणून हाक मारणारे आज भाऊसाहेब म्हणू लागले, आणि त्यांच्याबद्दल त्याचं मत आणखी खाली गेलं. मोहिते सर पगारपत्रकावर सही करायला येत, तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघत.

जुलैत साताऱ्याहून कार्ड आलं. संयोगिता बाईनं अभिनंदन कळवलं होतं, तिकडं बरं आहे, प्रयोगशाळा मोठी आहे, असं लिहिलं होतं. जालिंदरनं ते दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रंगूबाई डबा घेऊन आली तर तो कोऱ्या कार्डासमोर पेन धरून बसलेला.

"काय लिवताय?"

"मापी मागतोय."

रंगूबाईनं डबा टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडं निरखून बघितलं. पंचवीस वर्षांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. "तुमी? कुनाची?"

"तू डबा उगड," जालिंदर म्हणाला आणि लिहायला लागला. चार ओळी झाल्या. माझ्या तोंडामुळं तुम्हाला गाव सोडावं लागलं, हे मला तेव्हाच बोलायचं होतं, असं त्यानं लिहिलं. मोहिते सरांबद्दल एक ओळ आली होती, चांगली झणझणीत. ती त्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि शाईनं पूर्ण काळी केली. मग पत्ता घातला आणि जेवायच्या आधी स्वतःच जाऊन कार्ड पेटीत टाकून आला.